चार काड्या केशर आणि धुऱ्यावरची करडी

केशर किलोमागे पाच लाखांवर गेल्याची बातमी २०२५च्या उन्हाळ्यात आली, तेव्हा वऱ्हाडात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा रस्ता बंद, अफगाणी माल अडला, हे सगळं वाचलं आणि पान उलटलं. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत केशर आठवतं कुणाला? कोजागिरी तोंडावर आली की मात्र आठवतं. भुलाबाईची शेवटची खिरापत, गच्चीवर आटणारं दूध आणि अमरावतीच्या सक्करसाथ बाजारातून आणलेली ती नखाएवढी डबी. ग्रॅमला पाचशे रुपये मोजायचे, तर हे केशर अंगी नेमकं किती लागतं ते विचारायला हवं.

हिशेब सोपा आहे. एका फुलात तीन काड्या, आणि किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं. म्हणजे एक काडी भरते जेमतेम दोन मिलिग्रॅम. केशराच्या औषधी गुणांचा विषय निघाला की नैराश्यावरच्या चाचण्यांचा दाखला हमखास दिला जातो. तेहरानच्या डॉक्टरांनी २००४ आणि २००५ साली सौम्य ते मध्यम नैराश्याच्या रुग्णांना रोज ३० मिलिग्रॅम अर्काची मात्रा सहा आठवडे दिली. गुण आला तो इमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन या नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीचा. पण रुग्ण किती, तर एका चाचणीत ३० आणि दुसरीत ४०. पुढच्या चाचण्याही बऱ्याचशा इराणातल्याच, आणि जगातलं बहुतेक केशर पिकवणारा देशही इराणच. खोटं कुणी म्हणत नाही. पण विकणाऱ्यानेच काटा धरला तर गिऱ्हाईक जरा वाकून बघतंच.

बरं, ते सगळं खरं धरलं तरी ३० मिलिग्रॅम म्हणजे निदान पंधराएक काड्या, एकट्याला, रोज. आपण दहा जणांच्या पातेल्यात दहा काड्या टाकतो आणि वर चारोळी पेरतो. वाट्याला येते एक काडी. तेवढ्याने मन हलकं झालं, तर त्याचं श्रेय गच्चीवरच्या गप्पांना द्यावं. नैराश्याच्या चालू गोळ्या बंद करून केशराची डबी उघडणं तर निव्वळ अविचार.

डोहाळजेवणातलं केशरदूध हा त्याहून नाजूक विषय. बाळाचा रंग ठरतो आईबापाच्या जनुकांवर. आईने नऊ महिने केशर प्यायलं तरी त्यात फरक पडत नाही. वासापुरत्या दोन काड्यांनी बिघडत काही नाही, पण मोठ्या मात्रेने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. सासूबाईंचा मान राखायचा तर चिमूट लहान ठेवावी. आणि पाच रुपयांच्या पानमसाल्याच्या पुडीत केशर असल्याच्या जाहिरातीबद्दल जयपूरच्या ग्राहक आयोगाने मार्च २०२५मध्ये बड्या नटांना नोटिसा काढल्या. ज्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो तिथे त्यावर आणखी काय बोलायचं!

मला खरं बोलायचंय ते करडीबद्दल. दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी जिल्ह्यातून ‘शेतकऱ्याने पिकवलं अमेरिकन केशर’ अशी बातमी येते. फोटोत केशरी फुलांचं काटेरी झाड असतं, आणि कुठल्याही वऱ्हाडी आजीला विचारा, ती क्षणात सांगेल की ही करडी आहे. जनावरं शिरू नयेत म्हणून धुऱ्याच्या कडेने जिची तासं पेरायचे, कोवळेपणी जिची भाजी व्हायची, घाण्यावर जिचं तेल निघायचं, तीच ही. बियाणं मात्र ‘केशर’ म्हणून अवाच्या सवा भावात गळ्यात मारलेलं. खऱ्या केशराला रंग देतं क्रोसिन, कडवट चव पिक्रोक्रोसिन आणि वास सॅफ्रॅनाल. करडीच्या पाकळीचा लाल रंग कार्थामिनचा. केशराचा तो वास तिला नाही. भेसळ करणाऱ्याला तेवढा रंगच पुरतो.

चीनच्या पारंपरिक वैद्यकात करडीच्या पाकळ्या रक्ताभिसरणासाठी वापरतात आणि गर्भवतीला वर्ज्य मानतात. स्वस्तातलं ‘केशर’ डोहाळकरणीच्या दुधात टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. डबी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कोमट पाण्यात खऱ्या केशराचा सोनेरी पिवळा रंग हळूहळू उतरतो आणि काडी लालच राहते. टाकताक्षणी पाणी लाल झालं आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली. चिमूट जिभेवर गोड लागली तरी समजून जावं. घेतलेलं केशर पळीत किंचित शेकून, साखरेबरोबर खलून कोमट दुधात अर्धा तास भिजवलं, की कमी काड्यांत काम भागतं.

करडीचा पेरा मात्र सोयाबीन-हरभऱ्यापुढे आटला. काटे, काढणीची मजुरी, भाव. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘एकेएस-२०७’, ‘पीकेव्ही पिंक’ असे वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची ‘नारी-६’ काढली आणि पाकळ्यांचा चहाही करून दाखवला. पाकळी करडी म्हणूनच, तिच्याच नावाने विकायला अडचण कसली? पण बाजार समितीत बोली अजून बियांचीच लागते, आणि पाकळी वाळून वावरातच गळते.