ट्रायसायक्लिक नैराश्यरोधकांची मात्रानिश्चिती

ट्रायसायक्लिक नैराश्यरोधकांची मात्रानिश्चिती म्हणजे त्रिवलयी रासायनिक रचना असलेल्या नैराश्यरोधक औषधांची परिणामकारक आणि सुरक्षित मात्रा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवण्याची वैद्यकीय प्रक्रिया होय. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, नॉरट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन, डॉक्सेपिन आणि डोसुलेपिन ही या गटातील प्रमुख औषधे आहेत. त्यांची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. शिवाय तीच मात्रा एका रुग्णाला अपुरी, तर दुसऱ्याला अतिरिक्त ठरू शकते. म्हणून ही औषधे अल्प मात्रेपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवली जातात.

पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी गायगी या कंपनीने दिलेल्या इमिप्रामिनचा प्रयोग प्रथम छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर केला. त्या आजारात ते फारसे उपयोगी पडले नाही. मात्र नैराश्यग्रस्त रुग्णांत सुधारणा दिसली. कून यांनी ही निरीक्षणे १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. ॲमिट्रिप्टिलिनला अमेरिकेत १९६१ मध्ये मान्यता मिळाली.

या गटाच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. गोरेगाव येथील सिबा कंपनीच्या संशोधन केंद्रात नायट्रॉक्साझेपीन हे ट्रायसायक्लिक औषध विकसित झाले. १९८२ मध्ये ते 'सिंटामिल' या नावाने भारतीय बाजारात आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्लुऑक्सेटिनसारखी तुलनेने सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यानंतर ट्रायसायक्लिक औषधांचा नैराश्यातील वापर घटला. तरीही इतर औषधांना न जुमानणारे नैराश्य, मज्जातंतूजन्य वेदना आणि अर्धशिशीचा प्रतिबंध यांसाठी ती आजही वापरली जातात. ॲमिट्रिप्टिलिनचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मात्रा व्यक्तिपरत्वे का बदलते

ही औषधे मेंदूतील नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन यांचे पुनर्शोषण रोखतात. त्याचबरोबर ती हिस्टामिन व ॲसिटिलकोलीन यांच्या ग्राहींवर आणि हृदयपेशींतील सोडियम मार्गिकांवरही परिणाम करतात. गुंगी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, अंधूक दिसणे, लघवीस अडथळा आणि उभे राहताना भोवळ येणे हे दुष्परिणाम त्यातूनच उद्भवतात.

औषधाचे विघटन मुख्यतः यकृतातील सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ या विकरांकडून होते. या विकरांची कार्यक्षमता जनुकांवर अवलंबून असते. त्यामुळे समान मात्रा घेणाऱ्या दोन व्यक्तींच्या रक्तातील औषधाच्या पातळीत दहा पटींहून अधिक फरक आढळू शकतो. सीवायपी२सी१९ हे विकर मंद असणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय लोकसमूहांपेक्षा दक्षिण आशियाई लोकसमूहांत अधिक आहे. फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन ही औषधे सीवायपी२डी६ ला रोखतात. ती सोबत घेतल्यास ट्रायसायक्लिक औषधाची मात्रा न वाढवताही त्याची रक्तातील पातळी वाढते. वृद्धापकाळ आणि यकृताचे विकार यांतही औषध शरीरात अधिक काळ राहते.

मात्रा वाढवण्याची पद्धत

उपचारापूर्वी हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, अपस्मार, पूर्वीची उन्मादावस्था, आत्महत्येचे विचार आणि चालू औषधे यांची माहिती घेतली जाते. वृद्धांत व हृदयविकाराची शक्यता असलेल्यांत हृदयालेख काढला जातो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास ही औषधे टाळतात. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषध बंद केल्यानंतर किमान १४ दिवस ट्रायसायक्लिक औषध सुरू करत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एमएचगॅप मार्गदर्शिकेत प्रौढांच्या नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलिनची सुरुवात रात्री झोपताना २५ मिलिग्रॅमने करण्यास सांगितले आहे. पुढे दर आठवड्याला २५ ते ५० मिलिग्रॅमने वाढ करत दैनिक मात्रा १०० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. वृद्धांसाठी सामान्य लक्ष्य ५० ते ७५ मिलिग्रॅम इतकेच आहे. नॉरट्रिप्टिलिनची दैनिक मात्रा सामान्यतः ५० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते.

दोन वाढींमध्ये काही दिवस थांबण्यामागे औषधशास्त्रीय कारण आहे. ठरावीक मात्रा रोज घेतल्यावर रक्तातील पातळी स्थिर होण्यास साधारणतः आठवडा लागतो. त्याआधी मात्रा वाढवल्यास आधीच्या मात्रेचा पूर्ण परिणाम कळण्यापूर्वीच पुढची भर पडते.

या काळात दुष्परिणाम आधी जाणवतात आणि गुण नंतर येतो. झोप व भूक यांत लवकर फरक पडला, तरी मनःस्थितीतील स्पष्ट सुधारणेस दोन ते चार आठवडे लागू शकतात. पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय औषध निरुपयोगी ठरले असे मानले जात नाही. अनेक रुग्ण पहिल्या पंधरवड्यातच औषध सोडतात. त्यामुळे हा क्रम रुग्णाला आणि कुटुंबीयांना आधीच समजावून सांगणे हा मात्रानिश्चितीचाच भाग समजला जातो.

अपुरी मात्रा

वेदना, अर्धशिशी किंवा झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन बहुधा १० ते ५० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत दिले जाते. नैराश्यावर ही मात्रा सहसा पुरेशी ठरत नाही. अशा मात्रेवर रुग्णाला झोप लागते, पण उदासी कायम राहते. त्यामुळे औषध लागू पडले नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. उपचाराला प्रतिसाद न मिळाल्यास आधी रुग्ण गोळ्या नियमित घेतो का, दिलेली मात्रा पुरेशी आहे का आणि पुरेसा काळ गेला आहे का, हे तपासले जाते.

रक्तातील पातळीचे मापन

मानसोपचारात रक्तपातळीचा उपयोग सिद्ध झालेल्या मोजक्या औषधांत या गटाचा समावेश होतो. स्वीडनमधील मारी ओसबर्ग व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये नॉरट्रिप्टिलिनबाबत असे दाखवले की, पातळी फार कमी असतानाच नव्हे तर फार जास्त असतानाही गुण कमी येतो. नॉरट्रिप्टिलिनची उपयुक्त कक्षा सर्वसाधारणपणे दर मिलिलिटर रक्तद्रवात ५० ते १५० नॅनोग्रॅम मानली जाते. ॲमिट्रिप्टिलिनसाठी मूळ औषध आणि त्यापासून शरीरात बनणारे नॉरट्रिप्टिलिन यांची बेरीज ८० ते २०० नॅनोग्रॅम असावी, असे मानतात. मात्रा स्थिर झाल्यानंतर, शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी नमुना घेतला जातो. चाचणी उपलब्ध नसल्यास लक्षणे, नाडी, रक्तदाब आणि हृदयालेख यांवरून निर्णय घेतला जातो.

अतिमात्रेचा धोका

अतिमात्रेत सोडियम मार्गिका रोखल्या गेल्याने हृदयाची लय बिघडते, रक्तदाब कोसळतो, आकडी येते आणि मृत्यू ओढवू शकतो. ही आणीबाणीची स्थिती असून रुग्णाला लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे लागते. तेथे हृदयालेखावर सतत लक्ष ठेवून शिरेवाटे सोडियम बायकार्बोनेट दिले जाते. ज्या आजारासाठी औषध द्यायचे, त्याच आजारात आत्महत्येचा धोका असल्याने सुरुवातीस थोड्याच दिवसांच्या गोळ्या देणे आणि त्या कुटुंबीयांच्या ताब्यात ठेवणे हे सर्वमान्य धोरण आहे. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत याचीही दक्षता घेतली जाते.

मात्रा कमी करणे

लक्षणे ओसरल्यावरही औषध लगेच बंद केले जात नाही. एमएचगॅप मार्गदर्शिकेनुसार ९ ते १२ महिने लक्षणे नसल्यास किंवा अत्यल्प असल्यास औषध थांबवण्याचा विचार होतो. त्या वेळी मात्रा किमान चार आठवड्यांत हळूहळू कमी केली जाते. अचानक बंद केल्यास मळमळ, घाम, अस्वस्थता आणि निद्रानाश उद्भवू शकतात.

नाशिक आणि महाराष्ट्रातील संदर्भ

राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. सुरगाणा किंवा पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाला मात्रा वाढवण्याच्या काळात वारंवार तपासणीसाठी लांबचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी फेरतपासणीची सोय जवळ नसेल, तर मात्रा सुरुवातीच्याच पातळीवर अडकून राहण्याची किंवा उपचार खंडित होण्याची शक्यता असते. मानसिक आरोग्यसेवा तालुका पातळीपर्यंत नेण्याच्या हेतूने भारतात १९८२ मध्ये राष्ट्रीय आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध असून आत्महत्येचे विचार येत असल्यास तेथे कोणत्याही वेळी संपर्क साधता येतो. ट्रायसायक्लिक औषधे भारतात केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि त्यांच्या मात्रेतील प्रत्येक बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करणे अपेक्षित आहे.