टीव्हीवर लिहिलंय 'गेम कन्सोल', जोडली आहे छत्री! इनपुटची चुकीची नावं कशी दुरुस्त करायची?

दसरा-दिवाळीत घरात नवा स्मार्ट टीव्ही येतो. दुकानातला माणूस तो भिंतीवर टांगून देतो, छत्रीचा बॉक्स आणि होम थिएटर जोडून देतो, रिमोट हातात ठेवतो आणि निघून जातो. सगळं व्यवस्थित चालू असतं. अडचण सुरू होते ती पुढे कधीतरी लाईट जाऊन आल्यावर. टीव्ही लागतो, पण पडद्यावर 'नो सिग्नल'. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं की यादी उघडते: एचडीएमआय १, गेम कन्सोल, पीसी, एव्ही. घरात गेम कन्सोल नाही, कॉम्प्युटरही नाही. मग छत्री नेमकी कुठं आहे?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, जुन्या मंदिरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चारठाण्यासारख्या गावात ही अडचण नुसत्या नावापुरती राहत नाही. टीव्ही बघणारे आई-वडील गावात आणि टीव्ही समजणारा मुलगा पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात, अशी कितीतरी घरं. मुलगा फोनवरून सांगतो, "बाबा, सोर्स दाबा आणि एचडीएमआय दोनवर या." वडील म्हणतात, "अरे, इथं दोन कुठंय? इथं गेम लिहिलंय." मुलाच्या डोक्यात टीव्हीच्या मागचा आकडा असतो, वडिलांच्या डोळ्यांपुढे वेगळंच नाव. शेवटी मेकॅनिकला जिंतूरहून बोलवावं लागतं. तो दोन मिनिटांत काम उरकतो आणि येण्या-जाण्याचे पैसे घेतो. तोवर बातम्या, कीर्तन आणि पावसाचा अंदाज सगळंच बंद.

खरं तर हे काम घरच्या घरी, एकही पैसा न घालवता होतं. फक्त ती नावं मुळात लिहितं कोण, हे आधी समजून घ्यायला हवं.

नाव टीव्हीला सुचतं कसं?

एचडीएमआय केबलचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणं, हे तिचं मुख्य काम. पण केबलच्या तोंडाशी असलेल्या १९ पिनांपैकी काही पिना चित्र-आवाजासाठी नसून दोन उपकरणांच्या आपसातल्या बोलण्यासाठी असतात. १३ क्रमांकाची पिन 'सीईसी' नावाच्या व्यवस्थेसाठी राखीव आहे. एका रिमोटवर टीव्ही आणि साऊंडबार दोन्ही चालतात, ते या पिनेमुळे. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणते, एलजी 'सिंपलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. नावं निराळी असली तरी आतली व्यवस्था एकच.

या तारेवरून जोडलेलं उपकरण टीव्हीला आपलं नाव कळवू शकतं. त्यासाठी जागा मिळते फक्त १४ अक्षरांची आणि तीही इंग्रजी अक्षरांची. त्यामुळे टीव्हीवर आपोआप उमटणारं नाव मराठीत कधीच येत नाही आणि बऱ्याचदा ते मॉडेल नंबरासारखं अर्धवट, न कळणारं असतं.

दुसरी वाट चित्राच्या सिग्नलमधूनच जाते. उपकरण चित्रासोबत एक छोटी ओळखचिठ्ठी पाठवू शकतं. तिच्यात कंपनीचं नाव, उपकरणाचं नाव आणि प्रकाराचा एक आकडा असतो. १ म्हणजे सेटटॉप बॉक्स, २ म्हणजे डीव्हीडी, ८ म्हणजे गेम, ९ म्हणजे पीसी. बॉक्स बनवणाऱ्याने हा आकडा नीट भरला नसेल किंवा चिठ्ठीच पाठवली नसेल, तर टीव्हीला बॉक्सची खरी ओळख पटत नाही. मग कुठला टीव्ही अंदाज बांधतो, कुठला नुसतं 'एचडीएमआय' लिहून मोकळा होतो.

तिसरं कारण अगदी साधं आहे. त्याच पोर्टला कधीतरी लग्नाचा व्हिडिओ बघायला भाच्याने लॅपटॉप लावलेला असतो. लॅपटॉप गेला, 'पीसी' हे नाव मागे राहिलं.

आणि छत्रीचा बॉक्स जुना असेल, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांचा, तर तो स्वतःचं नाव सांगूच शकत नाही. डीडी फ्री डिशची सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महिन्याचं बिल नसल्यामुळे गावागावांत ती टिकून आहे आणि तिचे जुने बॉक्स अजूनही याच तारांवर चालतात. या तारांमधून फक्त चित्र आणि आवाज जातो, ओळख नाही. टीव्हीवर त्याचं नाव 'एव्ही' एवढंच येणार. ते बदलायचं तर हातानेच.

नाव चुकलं तर चित्रही बिघडतं

नाव काहीही असो, चित्र दिसतंय ना, असं अनेकांना वाटतं. इथंच गफलत होते. अनेक टीव्ही इनपुटच्या नावावरून किंवा त्यापुढच्या चिन्हावरून चित्रावर कोणती प्रक्रिया करायची ते ठरवतात.

सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इनपुटला 'पीसी' हे नाव किंवा चिन्ह दिलं की टीव्ही चित्रावरचे बहुतेक संस्कार थांबवतो. लॅपटॉपसाठी ते योग्यच, कारण बारीक अक्षरं स्वच्छ दिसतात. पण त्याच नावाखाली छत्री लावली तर साध्या वाहिनीचं ५७६ ओळींचं चित्र मोठ्या पडद्यावर ओबडधोबड दिसू शकतं आणि चित्र सुधारण्याचे काही पर्याय मेनूत पुसट होऊन बसतात. मग 'टीव्हीच खराब निघाला' म्हणून दुकानदाराशी वाद. 'गेम कन्सोल' नावाचंही तसंच. काही टीव्ही ते नाव पाहून गेम मोड सुरू करतात. बटण दाबल्यावर पडद्यावर लगेच हालचाल दिसावी, यासाठी तो असतो. मालिका किंवा सिनेमा बघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, उलट रंग आणि हालचाल वेगळी वाटते.

उलटा प्रकारही घडतो. लॅपटॉप 'सेटटॉप बॉक्स' नावाच्या इनपुटवर लावला की चित्राच्या कडा कापल्या जातात आणि रंगीत अक्षरं फुटकी दिसतात. गावात ऑनलाइन वर्गासाठी टीव्हीला लॅपटॉप जोडणाऱ्या मुलांनी हे एकदा तपासून बघावं.

आधी तार, मग नाव

थेट मेनूत शिरण्याआधी टीव्हीच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारा. प्रत्येक पोर्टपाशी एचडीएमआय १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. त्यातल्या एकापुढे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असंही लिहिलेलं असतं. कोणती तार कुठं गेली आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. पडद्यावरचं नाव बदलतं, कोरलेला आकडा बदलत नाही.

आता खात्री करायची. सोर्सच्या यादीतून एक इनपुट निवडा आणि छत्रीच्या बॉक्सच्या रिमोटवर मेनूचं बटण दाबा. बॉक्सचा मेनू दिसला तर छत्रीची जागा हीच. नाही दिसला तर पुढचं इनपुट. बॉक्सचा दिवा लागलेला आहे ना, हेही बघा. एक्स्टेन्शन बोर्डचं बटण बंद राहिल्यामुळे 'नो सिग्नल' येण्याचं प्रमाण कमी नाही.

जागा सापडली की नाव. गुगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीत सेटिंग्जमध्ये 'इनपुट्स' किंवा 'चॅनल्स अँड इनपुट्स' असा भाग असतो. तिथं इनपुट निवडलं की नाव बदलायचा पर्याय मिळतो. एलजीत होम डॅशबोर्डवर जाऊन 'एडिट'. सॅमसंगमध्ये सोर्सच्या यादीत त्या इनपुटवर थांबून वरचं बटण दाबलं की 'एडिट' येतं. नव्या मॉडेलमध्ये हाच भाग 'कनेक्टेड डिव्हायसेस'मध्ये गेला आहे. मॉडेलनुसार मेनूचे शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. 'इनपुट', 'सोर्स', 'एडिट', 'रीनेम' हे चार शब्द शोधत राहिलं की वाट सापडते.

काही टीव्ही स्वतःचं नाव लिहू देतात, काही तयार यादीतूनच निवडायला लावतात. यादीतूनच निवडायचं असेल तर छत्रीसाठी 'सेटटॉप बॉक्स', 'सॅटेलाइट' किंवा 'केबल' यांपैकी एक घ्या. 'पीसी' आणि 'गेम' टाळा. याच मेनूत बहुतेक ठिकाणी 'हाईड'चा पर्याय असतो आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. घरातल्या मोठ्यांसाठी खरं तर नाव बदलण्यापेक्षा हाच जास्त कामाचा. सहा नावांच्या यादीत चाचपडण्यापेक्षा दोनच नावं समोर आली तर फोन करायची वेळच येत नाही.

मध्ये होम थिएटर असेल तर

इथं गुंता वाढतो, कारण नावं दोन ठिकाणी असतात.

साधा साऊंडबार असेल तर तो एआरसी लिहिलेल्या पोर्टला जोडतात. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली. टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने साऊंडबारकडे जातो. त्यामुळे सोर्सच्या यादीत 'साऊंडबार' दिसतं, पण ते निवडून बघण्यासारखं तिथं काहीच नसतं. साऊंडबारला दुसरं उपकरण जोडण्यासाठी वेगळं पोर्टच नसेल, तर हे नाव खुशाल लपवा. काही टीव्हींत ते लपत नाही. तिथं 'आवाज' असं नाव द्या, म्हणजे कुणी तिकडे जाणार नाही.

साऊंडबार किंवा एव्ही रिसिव्हरला स्वतःची एचडीएमआय पोर्टं असतील आणि छत्री त्यातल्या एकात लावली असेल, तर गोष्ट बदलते. टीव्हीला छत्री दिसते रिसिव्हरच्या मागून. प्रत्येक उपकरणाला केबलवरून चार आकड्यांचा पत्ता मिळतो. थेट टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला जोडलेल्याचा पत्ता २.०.०.०, त्या पोर्टवरच्या रिसिव्हरच्या पहिल्या पोर्टात असलेल्याचा २.१.०.०. वाड्याचा घरनंबर एक आणि आतल्या खोलीचा वेगळा, तसंच हे. टीव्हीवर फक्त वाड्याचं नाव बदलता येतं. खोलीचं नाव बदलायचं तर रिसिव्हरच्या मेनूत जावं लागतं.

रिसिव्हरच्या मेनूत पुन्हा दोन वेगळी कामं असतात आणि लोक नेमकी तीच एकमेकांत मिसळतात. 'असाइन' म्हणजे 'सीबीएल/सॅट' हे बटण दाबल्यावर मागचं कोणतं पोर्ट लागेल ते ठरवणं. 'रीनेम' म्हणजे त्याचं दिसणारं नाव बदलणं. छत्रीची तार 'बीडी' लिहिलेल्या पोर्टात असेल आणि तुम्ही 'सीबीएल/सॅट'चं नुसतं नाव बदललं, तर पडद्यावर 'छत्री' येईल आणि चित्र मात्र काळंच राहील. सोपा उपाय म्हणजे तारच काढून 'सीबीएल/सॅट' छापलेल्या पोर्टात लावणं.

लाईट आली, नाव पुन्हा पहिल्यासारखं

हाताने दिलेलं नाव काही दिवसांनी पुसलं जातं, ही तक्रार जुनी आहे. लाईट आल्यावर टीव्ही, बॉक्स आणि होम थिएटर एकाच वेळी जागे होतात. कोण आधी बोलेल याचा नेम नसतो. सीईसीवरून बॉक्सने पुन्हा आपलं नाव सांगितलं की काही टीव्ही तुम्ही लिहिलेलं नाव बाजूला सारतात.

अशा वेळी सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. पाच मिनिटं थांबा. आधी टीव्ही, मग होम थिएटर, शेवटी बॉक्स, या क्रमाने लावा आणि नाव पुन्हा द्या. तरीही नाव पुसलं गेलं तर त्या उपकरणाच्या सेटिंगमधली सीईसी बंद करा. फायर टीव्ही स्टिकसारख्या उपकरणांत ती सोय असते. टीव्हीचीच सीईसी बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण साऊंडबार एआरसीवर असेल तर तो घेऊ नका. एआरसी सीईसीच्या आधाराने चालते, त्यामुळे आवाजच जाऊ शकतो. सीईसी बंदच ठेवायची असेल तर साऊंडबारसाठी ऑप्टिकल केबल लावावी लागेल. मग टीव्हीच्या रिमोटने साऊंडबारचा आवाज कमी-जास्त होईलच असं नाही.

फॅक्टरी रीसेट शेवटचा उपाय. त्यात वायफाय, ॲप, लॉगिन सगळं पुसलं जातं. ओटीटीचा ओटीपी मुलाच्या पुण्यातल्या मोबाईलवर येत असेल, तर तो फोन उचलेपर्यंत टीव्ही कोराच.

आणखी एक. अडल्यावर गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायची घाई नको; बनावट नंबर टाकून फसवणाऱ्यांची ती आवडती जागा आहे. नंबर टीव्हीच्या वॉरंटी कार्डावरून घ्या. इनपुटचं नाव बदलायला ओटीपी लागत नाही, मोबाईलवर स्क्रीन दाखवणारं ॲपही लागत नाही. तसं कुणी मागितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

राहिला प्रश्न नाव काय द्यायचं. घरात ज्या शब्दाने ती वस्तू ओळखली जाते, तोच शब्द. 'सॅटेलाइट'पेक्षा 'छत्री' बरं. कीबोर्डमध्ये मराठी नसेल तर तेच इंग्रजी अक्षरांत लिहा. नावापुढे पोर्टचा आकडाही ठेवा, 'छत्री २' असा. तोच आकडा तारेवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिला आणि मागच्या बाजूचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की पुढच्या वेळी पुण्याहून 'दोनवर या' म्हटल्यावर चारठाण्यात दोन सापडेल.