घोडा, चाप आणि कानस

एखादी वस्तू शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली की तिच्याभोवती दोन प्रकारची माणसे गोळा होतात. एक, ती आहे तशी जपणारी आणि दुसरी, ती आपल्या हाताजोगी करून घेणारी. जुन्या वाड्यांबाबत, वाद्यांबाबत, मोटारींबाबत आपण हे पाहतोच. अमेरिकेत असाच वाद मोठ्या हिरिरीने घातला जातो तो एका पिस्तुलावरून. त्याचे नाव एम १९११.

त्याची जन्मकथा आधी सांगितली पाहिजे. फिलिपाइन्समध्ये मोरो लढवय्यांशी झुंजताना अमेरिकी सैन्याला आपले .३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटू लागले. १९०४ साली थॉम्प्सन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोत कत्तलीसाठी आणलेल्या गुरांवर, तसेच माणसांच्या प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ इंचाहून, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटरहून लहान गोळी नको, असा निष्कर्ष काढला. तशा गोळीसाठी पिस्तूल घडवले युटातील ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने. हा बंदूक कारागिराचा मुलगा. मार्च १९११ मध्ये झालेल्या चाचणीत त्याच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू! ते एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत कमरेला बाळगले.

यातली खुबी चापात आहे. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप दोन कामे करतो : घोडा ताणतो आणि मग सोडतो. म्हणून तो ओढायला लांब आणि जड. या पिस्तुलात घोडा आधीच ताणलेला असतो. पहिल्यांदा हाताने वरची स्लाइड मागे ओढून, त्यानंतर प्रत्येक गोळीच्या धक्क्याने. चापाला उरते ते घोडा सोडण्याचे एकच काम. ‘सिंगल ॲक्शन’ म्हणतात ते यालाच. ओढ आखूड आणि दर वेळी सारखी, त्यामुळे नेमबाज त्यावर लुब्ध.

सैन्याला मात्र नेमबाजीपेक्षा भरवसा हवा होता. चिखलात, वाळूत चालावे म्हणून सुट्या भागांत थोडी ढिलाई ठेवलेली. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसलाच पाहिजे, हा दंडक. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ते कुठल्याही चांगल्या कारखान्यात बनवता आले. आपल्या कचेऱ्यांतून ज्यांची टंकयंत्रे खडखडली त्या रेमिंग्टन रँडने जवळजवळ नऊ लाख पिस्तुले बनवली. आणि आपल्या आज्यांच्या शिवणयंत्रांवर जिचे नाव सोनेरी अक्षरांत असे त्या सिंगर कंपनीने १९४१ साली बनवली फक्त ५००. आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

युद्धानंतर ही पिस्तुले नागरिकांच्या हाती आली आणि कानस चालू लागली. स्लाइड आणि सांगाडा यांतली फट बुजवायची, नळी घट्ट बसवायची, बारीक माशी काढून ठळक बसवायची. घोड्याने अंगठ्याजवळचे कातडे चिमटू नये म्हणून मुठीमागची पट्टी लांबवायची. मूठ घसरू नये म्हणून तिच्या पोलादावर इंचाला २० ते ३० रेषांची जाळी कोरायची. शेवटी शंभरांतले एक पिस्तूल ‘माझे’ होते. वस्तू विकत घेतल्याने मालकी मिळते, पण आपलेपणा मिळतो तो तिच्यावर हात चालवल्यावरच, हे मला मनापासून पटते.

पण खातेवहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. फट बुजवली की नेम सुधारतो. पण घाण मुरायला जागा उरत नाही आणि पिस्तूल अडू लागते. सैन्याचा जुना काळपट रंग घासून नवा मुलामा दिला की संग्राहक पाठ फिरवतो. सर्वांत नाजूक व्यवहार चापाचा. ताणलेला घोडा ज्या कंगोऱ्यावर अडकून राहतो तो केसाएवढाच. तो घासून चाप हलका करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि प्रमाणाबाहेर घासला की घोडा मालकाला न विचारता सुटतो. चांगला कारागीर म्हणूनच कुठे थांबायचे, याचे पैसे घेतो.

या छंदाचे कौतुक करताना माझी लेखणी अडते ती इथेच. सतार जुळवणारा आणि पिस्तूल जुळवणारा यांच्या बोटांतले कसब एकाच जातीचे असेल. पण सतार घरात आहे म्हणून कोणाचे प्राण गेल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुका-पिस्तुलांनी ४८,८३० माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, असे आपली म्हण सांगते. हे आकडे म्हणीला साथ देत नाहीत. निराशेचा एक क्षण आणि हाताशी तयार, हलका चाप, एवढे पुरते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट घातली आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रांची मर्यादा. ती जाचक वाटणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

याचा अर्थ टेबलावर दिवा लावून, चष्मा कपाळावर सरकवून कानस चालवणारा तो अमेरिकन म्हातारा खुनी आहे, असा नाही. बहुतेकांचे पिस्तूल कागदी निशाणापलीकडे कशालाही भोक पाडत नाही. पण त्याने खटक्याइतकीच काळजी कपाटाच्या कुलपाची घ्यावी, हा हिशेब त्या कसबातच धरलेला असायला हवा. ब्राउनिंगने मुठीच्या मागे एक पट्टी ठेवली : हाताने नीट, पूर्ण पकड घेतल्याखेरीज चाप हलायचाच नाही. काहीजण ती कायमची दाबून, निकामी करून टाकतात. मला विचाराल तर बाकी सारे खुशाल बदला. ती पट्टी तेवढी राहू द्या.