मोहिनीचे सोंग बाईने घेतले तेव्हा

गोव्यातल्या पेडणे-डिचोली भागात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढच्या मांडावर दशावतारी दहीकाला उभा राहतो. आड दशावतारातले गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर येऊन गेले की मूळ आख्यान लागते, ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या आधाराने नट जागच्या जागी संवाद रचत जातात. त्यातली राणी पुरुष, पार्वती पुरुष, मोहिनीही पुरुषच. दिवसभर राबलेला माणूस रात्री तोंडाला सफेता लावतो, गंगावन बांधतो, नऊवारीचा काष्टा घालतो आणि मांडावर अशा तोऱ्यात येतो, की समोर बसलेल्या बायाबापड्या त्याच्या दुःखाने खरोखर डोळे पुसतात. या कलेबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याच देवळांच्या सेवेत गाणारी, नाचणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि नाटकाच्या सोंगात मात्र तिला जागा नव्हती, हेही विसरता येत नाही.

मुंबई-पुण्याच्या संगीत रंगभूमीवर वेगळे काही नव्हते. 1913 साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुरुषाने बाईची भूमिका करण्याची कला तेव्हा ऐन भरात होती. त्याच सुमारास दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधत हिंडले. नाटकात कोणी सापडेना, ज्या वस्तीत भला माणूस जात नाही असे लोक म्हणत तिथल्या बायकाही तयार होईनात. शेवटी एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवले. या साळुंक्यांनीच पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

'राजा हरिश्चंद्र'नंतरचा फाळक्यांचा चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. भारतीय पडद्यावर उभ्या राहिलेल्या या पहिल्या स्त्रिया. कमलाचे वय तेरा-चौदाचे. गोमंतकीय वाचकाला मोहिनी परकी नाही. मार्दोळच्या म्हाळसेला आपण मोहिनीचेच रूप मानतो. ज्या देवीच्या पालखीपुढे आपण हात जोडतो, तिचे रूप घेणाऱ्या जित्याजागत्या मुलीला मात्र तेव्हाचा समाज नावे ठेवत होता.

दुर्गाबाई हौसेने नाटकात आल्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ब्राह्मण बाईला, पदरात लहान मुलगी असताना, त्या काळात कोणते काम मिळे? लोकांच्या घरी भांडी घासणे, स्वयंपाक करणे, किंवा त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीचा रस्ता धरला आणि कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी राहू लागली. 'पहिली अभिनेत्री' हा मान आपण आज कौतुकाने देतो, पण त्या मानाआधी पोटाचा प्रश्न होता. हा क्रम उलटा सांगितला की दुर्गाबाईंचे धैर्य दिसेनासे होते.

सिनेमाला बाई इतक्या लवकर का लागली, याचे एक कारण मला कॅमेऱ्यात दिसते. नाटकगृहात गाणे ऐकू येई आणि अंतर राखले जाई. गळा गोड असला की पुरुषाचा चेहरा प्रेक्षक विसरून जाई. मूकपटात गळाच नाही. उरला तो चेहरा, तोही जवळून दिसणारा. तिथे स्त्रीपार्टी नटाची जादू तोकडी पडू लागली. तरी समाज लगेच वळला नाही. 1920 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला, तेव्हा त्यातल्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

दुर्गाबाईंची कमला, म्हणजे कमलाबाई, मूळच्या रंगभूमीच्याच. रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न झाले. गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक मंडळीतून त्यांनी कामे केली. पंचविशीच्या आसपास वैधव्य आले, पदरात मुले. आईने जे केले तेच मग मुलीला करावे लागले, दुसऱ्या मंडळ्यांतून भूमिका करणे. चिरंजीव चंद्रकांत गोखले पुढे नामवंत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले, नातू विक्रम गोखले यांना तर सारा महाराष्ट्र ओळखतो. एका घराण्याचा हा सगळा डोलारा दोन बायकांच्या कष्टांवर उभा आहे.

कमलाबाई मंडळ्यांतून कामे करत होत्या, त्याच सुमारास गोव्यातली एक मुलगी याच वाटेने चालली होती. 15 जुलै 1904 ला कुर्डीत जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर. आई जयश्रीबाईंनी त्यांना लहानपणीच चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातले. आई गेली तेव्हा मोगूबाई जेमतेम दहा वर्षांच्या. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत त्यांनी 'सौभद्र'मधली सुभद्रा आणि 'पुण्यप्रभाव'मधली किंकिणी केली. स्त्रियांच्या या मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. दहीकाल्याच्या नेमके उलटे. मोगूबाई आपल्याला आठवतात त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या म्हणून, किशोरीताईंच्या आई म्हणून. त्यांचा नाटकातला काळ चरित्राच्या दोन ओळींत उरकला जातो, याची मला खंत वाटते. पल्लेदार आवाजाची, ठसठशीत उच्चारांची तालीम कुठे झाली असेल, याचा विचार त्या दोन ओळींत मावत नाही.

पेडण्याचा हिशेबही असाच अपुरा. मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर संगीतात थोर ठरल्या, 1958 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. 1938 च्या 'ब्रह्मचारी'मध्ये पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर येऊन खळबळ उडवणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर माहेरच्या रतन पेडणेकर. आडनावातून गाव सोबत चालत राहिले, गावाने मात्र त्यांची फारशी नोंद ठेवली नाही.

बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर, म्हणजे ज्योत्स्ना भोळे, 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याला नव्या नाटकात प्रतिष्ठा मिळाली. दुर्गाबाई-कमलाबाईंच्या 'मोहिनी भस्मासुर'ला तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

कमलाबाई बोलपटांतही काम करत राहिल्या, 1980 च्या 'गहराई'पर्यंत. त्या नव्वदीच्या घरात असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट केला. मूकपटात जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ती म्हातारी त्यात स्वतःच्या तोंडाने बोलते, जुने संवाद म्हणून दाखवते. आपल्याकडच्या बऱ्याच जणींच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ज्यांच्या आजीने, पणजीने एखाद्या स्त्री मंडळीत काम केले होते, अशी घरे गोव्यात अजून आहेत. त्यांच्या पेट्यांतले फोटो, जाहिराती, पदांच्या वह्या कोणीतरी मागून घ्यायला हव्यात, आणि ते काम पेडणे-डिचोलीपासून सुरू व्हायला काहीच हरकत नाही.