लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आणि पीडी-एल१ चा आकडा

घोलवड-बोर्डीकडच्या माणसाला कॅन्सरची शंका आली की तो डहाणू रोडला लोकल धरतो, दादरला किंवा प्रभादेवीला उतरतो आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठतो. परतताना हातात फाइल असते. लघवीच्या पिशवीचा, म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यातला असेल, तर हल्ली त्या फाइलीत कधीकधी अशी एक ओळ असते : ‘पीडी-एल१ पॉझिटिव्ह, सीपीएस १५’. ती वाचून घरात नाही नाही त्या शंका निघतात.

कुणाला वाटतं, कसला तरी संसर्ग निघाला. तसं काही नसतं. पीडी-एल१ हे प्रथिन निरोगी शरीरातही असतं. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि पीडी-एल१ तो दाबतं. हा ब्रेक नसता, तर प्रतिकारशक्तीने आपलेच अवयव पोखरले असते. कॅन्सरच्या पेशी याच सोयीचा गैरफायदा घेऊन स्वतःवरचा हल्ला थांबवतात. पीडी-१ चा शोध क्योतोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स अॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

सगळ्यांत जास्त घबराट होते ती ‘आकडा मोठा, म्हणजे दिवस थोडे’ या समजुतीने. ही समजूत अगदीच हवेतली नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासणाऱ्या काही अभ्यासांत पीडी-एल१ जास्त असलेल्या गाठी अधिक आक्रमक आढळल्या आहेत. पण २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली आयएमव्हिगर-२११ ही चाचणी पाहा. केमोथेरपीनंतरही आजार वाढलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना हा ब्रेक सोडवणारं अॅटेझोलिझुमॅब आणि निम्म्यांना पुन्हा केमो दिली गेली. सगळ्या रुग्णांत मध्यम आयुर्मान अनुक्रमे ८.६ आणि ८ महिने होतं. ज्यांच्या गाठीतल्या प्रतिकारपेशींवर पीडी-एल१ भरपूर होतं, त्यांच्यात ते ११.१ आणि १०.६ महिने निघालं. म्हणजे आकडा मोठा असणारे रुग्ण दोन्ही गटांत जास्त जगले, औषध कुठलंही असो.

असं उलटसुलट चित्र दिसण्याचं एक कारण म्हणजे ते प्रथिन नेमकं कुठे आहे. टी-पेशी गाठीत शिरून लढू लागल्या की इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि त्याला उत्तर म्हणून आजूबाजूच्या पेशी पीडी-एल१ बनवतात. तेव्हा ती लढाई चालू असल्याची खूण असते. काही गाठी मात्र स्वतःच्या जनुकीय बिघाडामुळे ते बनवत राहतात. रिपोर्टातला एकच आकडा हा फरक सांगत नाही.

शिवाय दोन रिपोर्टांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतीलच असं नाही. एसपी१४२ या किटमध्ये गाठीचा किती भाग रंगलेल्या प्रतिकारपेशींनी व्यापलाय ते पाहतात आणि ५ टक्क्यांची रेष धरतात. २२सी३ मध्ये कॅन्सरच्या आणि प्रतिकाराच्या रंगलेल्या पेशी एकत्र मोजून सीपीएस काढतात. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी तिथली रेष १० ची. शेजाऱ्याच्या ४ शी आपला १५ ताडण्याआधी किट कुठलं ते विचारा.

‘आकडा कमी, म्हणजे इम्युनोथेरपी (ब्रेक सोडवणारी औषधं) नाहीच’ हेही खरं नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ईव्ही-३०२ चाचणीत एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी या जोडीने मध्यम आयुर्मान केमोच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ वर नेलं, आणि पीडी-एल१ कमी असलेल्यांनाही फायदा झाला. मात्र केमो सोसू शकणाऱ्या, पण आकडा कमी असलेल्या रुग्णांना सुरुवातीलाच एकटी इम्युनोथेरपी दिली तर आयुष्य घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्येच दिला होता. आकड्याचं मोल उपचार कुठला, यावर ठरतं.

प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काढे आणि इम्युनोथेरपी यांचा काही संबंध नाही. इम्युनोथेरपीची औषधं ब्रेक सोडवतात, म्हणूनच थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांना सूज येऊ शकते. उपचार चालू असताना जुलाब किंवा दम लागला, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना कळवावं.

आणि मुळात निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा आजार मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. त्यांना या आकड्याची सहसा गरजच पडत नाही. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का आणि गाठीचा ग्रेड काय, हे त्यांनी आधी विचारायला हवं. धोका जास्त असेल तर बीसीजी, म्हणजे टीबीची तीच लस, नळीने मूत्राशयात सोडतात. अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. रुग्णाला टीबी झालाय म्हणून ती देत नाहीत. तिच्यामुळे प्रतिकारपेशी गाठीच्या जागी गोळा होतात. आधी आठवड्याला एक असे सहा डोस आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात तीन-तीन. लघवीतलं रक्त थांबलं की अनेकांना हे पुढचे डोस नकोसे होतात. वाडीत चिकूची तोडणी असली तरी ती खेप चुकवू नये, आणि बिडी-सिगारेट ओढत असाल तर ती पहिल्या डोसाआधीच सोडावी.