सण तिथीचा, पेरणी ओलीची

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांचे असते. हिजरी कालगणनेत अधिक मास नसल्याने ईद सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते. आपल्या पंचांगात सुमारे ३२ ते ३३ महिन्यांनी अधिक मास धरून सण ऋतूशी जुळवितात. तरीही तारखा हलतात. अधिक श्रावणामुळे २०२३ साली पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ साली तो २ सप्टेंबरला होता. मृग नक्षत्र सूर्यावरून ठरत असल्याने दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागते. तथापि मृग लागला म्हणजे पाऊस झाला, असे नव्हे. म्हणून शेतकरी बंधूंनी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच खरिपाची पेरणी करावी. म्हणजे दुबार पेरणीचे संकट टळेल.