खर्रा, काढा आणि 'ऑफेलिमिटी'

बारावीच्या अर्थशास्त्रात 'उपयोगिता' आणि 'उपयुक्तता' यांतला फरक लिहा, असा प्रश्न हमखास असतो. पोरं तो पाठ करतात, पण त्यामागचा शब्द कुणी सांगत नाही. तो मला फार आवडतो : ऑफेलिमिटी.

विल्फ्रेडो पारेटो या इटालियन अर्थतज्ज्ञाने 1896 मध्ये 'उपकारक' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. वस्तू भल्याची की वाईटाची, हे बाजूला ठेवायचं. ती माणसाची इच्छा भागवते का, एवढंच बघायचं. त्या समाधानाचं नाव ऑफेलिमिटी.

आमच्या दुसरबीडला बाजाराच्या दिवशी पानटपरीसमोर उभे राहा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून खर्रा घोटणं सुरूच असतं. तब्येतीला शुद्ध घातक, तरी घेणारा खिशातून पैसे काढतो, कारण ऑफेलिमिटी भरपूर. उलट तापलेल्या लेकराला गुळवेलीचा काढा पाजून बघा. आपल्या लेखी तो उपयुक्त, पण ते दात घट्ट मिटून घेतं. त्याच्या लेखी ऑफेलिमिटी शून्य.

शब्द रुळला नाही, पुस्तकांत 'उपयोगिता'च राहिली. मला मात्र हा वेगळा शब्द हवासा वाटतो. 'उपयोगी' म्हटलं की मनात चांगलंच येतं, आणि खर्रा त्यात बसत नाही.